बागेतला लव्हाळा: उपटून का जात नाही आणि घालवायचा कसा

पहिला पाऊस पडून आठवडा होतो न होतो, तोच पुण्यातल्या वाफ्यांतून, कुंड्यांतून आणि लॉनमधून गडद हिरवे, चकचकीत, टोकदार कोंब वर येतात. माळी खुरपं घेऊन बसतो, तासाभरात वाफा साफ होतो आणि आठव्या-दहाव्या दिवशी तितकेच कोंब पुन्हा उभे राहतात. हा लव्हाळा. शेतकरी हरळी, कुंदा आणि लव्हाळा ही तीन नावं एका दमात घेतात, ते उगाच नाही. तिन्ही तणांचा जीव जमिनीखाली असतो. घरच्या बागेत यातला लव्हाळा जास्त छळतो, कारण रोपवाटिकेच्या पिशवीतून, लाल मातीच्या ट्रकमधून किंवा शेणखताच्या पोत्यातून तो गुपचूप घरात येतो.

तो जातो, हे आधी सांगायला हवं. मात्र एका खोदाईत किंवा एका फवारणीत जात नाही. दोन पावसाळे लागतील असं धरून कामाला लागा.

ओळख पक्की करा

लव्हाळ्यासारखी दिसणारी दुसरी तणं पुष्कळ आहेत आणि त्यांच्यासाठी एवढा खटाटोप करावा लागत नाही. फुलाचा दांडा दोन बोटांत धरून फिरवा. त्रिकोणी, कडा लागणारा आणि आतून भरीव असेल, तर ते गवत नव्हे, मोथ्याच्या कुळातलं तण आहे. पानं बुडापासून तीन दिशांना निघतात. हरळीचा दांडा गोल असतो, त्याला पेरं असतात आणि ती जमिनीवर सरपटते.

आता एक रोप खुरप्याने खोलवर मोकळं करून अलगद उचला. लव्हाळा असेल तर बुडाशी फुगीर कंद, त्यातून निघालेला बारीक दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला तपकिरी-काळी गाठ दिसेल. गाठ वाटाण्यापासून बोराएवढी असते. ती नखाने खरवडली की नागरमोथ्याचा ओळखीचा वास येतो. आयुर्वेदात जिला मुस्ता म्हणतात, ती हीच गाठ. नुसती झुपकेदार मुळं निघाली आणि गाठ कुठेच नसेल, तर ते बियांवर येणारं मोथ्याचं वर्षायू तण आहे. ते फुलण्याआधी उपटलं की काम झालं. लव्हाळ्याचा तुरा लालसर-तपकिरी असतो. पण त्याच्या बियांची फारशी धास्ती बाळगू नका. त्या क्वचितच रुजतात, पसारा सगळा गाठींवर चालतो.

गाठी कशा वागतात

हे समजलं की पुढची प्रत्येक पायरी का करायची ते आपोआप कळतं.

कोंब वर आला की साधारण तीन ते चार आठवड्यांत तो जमिनीखाली नव्या गाठी धरायला लागतो. गाठीतून दोरा, दोऱ्याला पुढची गाठ, अशी साखळी तयार होते. बहुतेक गाठी वरच्या १५ ते २० सेंटिमीटरमध्ये असतात, थोड्या ३० सेंटिमीटरपर्यंत आणि भुसभुशीत मातीत त्याहूनही खाली जातात. साखळी अखंड असते तोवर टोकाची गाठ फुटते आणि मागच्या बऱ्याच गाठी झोपून राहतात. साखळी तोडली की झोपलेल्या गाठी जाग्या होतात आणि एका कोंबाच्या जागी पाच-सहा उगवतात. म्हणून पावसाळ्यात पॉवर टिलर फिरवणं किंवा ओल्या वाफ्यात कुदळीने तुकडे करत जाणं म्हणजे लव्हाळ्याची लागवडच करणं होय.

दुसरी गोष्ट म्हणजे एका गाठीवर डोळे अनेक असतात. कोंब खुडला की दुसरा डोळा फुटतो, तो खुडला की तिसरा. पण दर वेळी गाठीतला साठा कमी होतो. पानं उन्हात राहिली की तो पुन्हा भरतो. खुरपणीचा उपयोग होतो की नाही, हे दोन खुरपण्यांमध्ये किती दिवस गेले यावर ठरतं. दोन आठवड्यांच्या आत कोंब काढत राहिलात तर गाठ उपाशी मरते. महिन्याने काढलात तर तोवर नव्या गाठी तयार झालेल्या असतात आणि श्रम वाया जातात.

आणि त्याची दोन दुबळी अंगं. गाठ पाण्यात बुडून बरेच दिवस जगते, पण सुकली की मरते. आणि लव्हाळ्याला सावली अजिबात सोसत नाही.

खोदाई: मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत

पुण्यात या कामाचा हंगाम उन्हाळाच. हवा कोरडी, पारा ३८-४० अंशांपर्यंत आणि पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. मधे एखादा वळीव पडतो, त्याची तयारी ठेवा. हेच काम जुलैत केलं तर उकरलेल्या गाठी सुकतच नाहीत.

काळ्या मातीत ओलाव्याचा अंदाज महत्त्वाचा. कोरडी असेल तर दगड, ओली असेल तर चिखल. वाफ्याला एकदा पाणी द्या आणि चार-पाच दिवसांनी वाफसा आला की खणायला घ्या. मूठभर माती दाबून सोडल्यावर गोळा होऊन टिचकीने फुटली पाहिजे.

वाफ्याच्या एका कडेला फूटभर रुंद आणि फूटभर खोल चर काढा. मग पुढची माती पहारीने किंवा काट्याच्या फावड्याने बुडातून उचलून चराकडे ढकला. कुदळ घ्यायचीच असेल तर ढेकूळ सैल करण्यापुरती. ढेकळं हाताने फोडा, दोऱ्यांसकट गाठी घमेल्यात वेचा. उरलेली माती वाळू चाळायच्या चाळणीतून काढा. जाळीचं भोक ५ ते ६ मिलिमीटरचं हवं. मोठं असेल तर बारीक गाठी निसटतात, त्याहून लहान असेल तर काळी माती चाळलीच जात नाही.

कामाचा आवाका आधी मोजून घ्या. १०० चौरस फुटांचा वाफा फूटभर खणला की एक ब्रास माती होते, म्हणजे साडेतीन-चार टनांच्या घरात. दोन माणसांना दोन दिवस सहज लागतात. सगळी बाग एकदम उकरून अर्धवट सोडण्यापेक्षा एकच वाफा पूर्ण करा, बाकीचे पुढच्या उन्हाळ्यात. आंबा, चिकू, कढीपत्ता यांच्या बुंध्याभोवती ही खोदाई करू नका. मुळं तुटतात आणि झाड वर्षभर मागे पडतं. तिथे फक्त खुडणी आणि आच्छादन.

वेचलेल्या गाठी गच्चीवर पत्र्यावर किंवा फरशीवर एकेरी थरात पसरा आणि दोन आठवडे कडक उन्हात ठेवा. ढीग केला तर आतल्या गाठी ओल्या राहतात. वाळलेली गाठ हलकी आणि टणक होते, कापली तर आत पांढरा गर दिसत नाही. मगच ती कंपोस्टमध्ये टाका. घरच्या कंपोस्टची उष्णता जिवंत गाठी मारण्याइतकी वाढत नाही आणि ओल्या कचऱ्यात दिल्या तर त्या खत होऊन दुसऱ्याच्या बागेत पोहोचू शकतात. पावसाळ्यात निघालेल्या गाठी बादलीत घालून वर उकळतं पाणी ओता आणि गार होईपर्यंत झाकून ठेवा.

माती परत भरली की काहीही लावण्याची घाई नको. उलट पाणी द्या. राहिलेल्या गाठी दहा-बारा दिवसांत फुटतील आणि कुठे आहेत ते स्वतःच दाखवतील. प्रत्येक कोंबाचा पांढरा दांडा धरून खुरप्याने खाली गाठीपर्यंत जा आणि गाठीसकट काढा. पाऊस यायच्या आत हे दोन-तीनदा झालं, तर वाफ्याचं मोठं काम उरकलं.

पावसाळ्यातली खुडणी

जून ते ऑक्टोबर, दर १० ते १४ दिवसांनी. कॅलेंडरवर खूण करून ठेवा. माती ओली असताना गाठीसकट ओढता आलं तर उत्तम. नाही आलं तर जमिनीच्या थोडं खाली तोडा, पण फेरी चुकवू नका. सगळ्यांचा घोटाळा ऑक्टोबरात होतो. पाऊस थांबतो, दिवाळीच्या गडबडीत बाग मागे पडते आणि ऑक्टोबरच्या उन्हात ठिबकच्या ओलीवर लव्हाळा वर्षभराचा साठा करून घेतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पानं पिवळी पडून वाळतात, तेव्हा तो गेला असं समजू नका.

मोकळ्या वाफ्यात पहिल्या पावसावर ताग दाट पेरा. १०० चौरस फुटांना ५० ते ६० ग्रॅम बी पुरतं. ताग झपाट्याने वाढून सावली धरतो. ४५-५० दिवसांनी, फुलावर येण्याआधी, जमिनीलगत कापून तिथेच पसरा. गाडायला माती उलटू नका. भाजीच्या वाफ्यात रताळ्याचा वेल किंवा पसरणारी चवळी हेच काम करते. मिरची, कांदा, लसूण ही पिकं मात्र पहिल्या वर्षी टाळा. त्यांच्या पानांची सावली पडत नाही आणि लव्हाळ्याला मोकळं रान मिळतं.

झाकून मारता येतो का?

काळा मल्चिंग पेपर लव्हाळ्याचं टोक सहज भोसकून वर येतं. पुठ्ठ्यावर पालापाचोळा घातला तरी तेच, फक्त थोड्या उशिरा. जुना जाड फ्लेक्स मात्र त्याला अडवतो, कारण त्यात धाग्याची वीण असते. दोन फ्लेक्स किमान फूटभर एकमेकांवर चढवा आणि कडा मातीत पुरा. कोंब फटीच्याच शोधात असतात. पण फ्लेक्सखाली झोपलेल्या गाठी कित्येक महिने तग धरतात, म्हणून तो काढल्यावर खुडणी आलीच.

एप्रिल-मे मध्ये ओल्या मातीवर पातळ पारदर्शक प्लास्टिक, साधारण २५ ते ५० मायक्रॉनचं, ताणून सहा आठवडे ठेवलं तर ते काळ्यापेक्षा बरं. उजेड मिळाल्याने कोंबाची पानं खालीच उलगडतात, मग टोक भोसकू शकत नाही आणि उष्णतेने करपतं. वरच्या थरातल्या गाठींना याची झळ बसते, खोलवरच्यांना नाही. खोदाई शक्यच नसेल तिथे हा उपाय करा.

लॉनमधला लव्हाळा

लॉन खणता येत नाही, म्हणून इथे आधी कापणीची उंची बदला. अगदी बुडाला कापलेल्या लॉनमध्ये जमिनीपर्यंत ऊन पोहोचतं आणि लव्हाळा माजतो. पातं एक-दोन खाच वर घ्या, रोजचं पाणी बंद करून आड-दिवसाने द्या आणि जिथे पाणी साचतं तिथला उतार सुधारा. लव्हाळा लॉनपेक्षा वेगाने वाढतो, म्हणून कापणीनंतर तीन-चार दिवसांनी उंच दिसणारे कोंब ओळखून उपटता येतात.

तरीही आटोक्यात येत नसेल, तर हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल ७५ टक्के हे लव्हाळ्यावर निवडक काम करणारं तणनाशक आहे. आपल्याकडे ते मुख्यतः उसासाठी विकलं जातं. एकरी ३६ ग्रॅम, सुमारे १५० लिटर पाण्यात, असं त्याचं प्रमाण. त्या हिशोबाने १००० चौरस फुटांना ०.८ ग्रॅमच्या आसपास आणि साडेतीन लिटर पाणी. एवढं कमी वजन चमच्याने मोजू नका, सोनाराकडे असतो तसा बारीक काटा लागतो. आधी लॉनच्या एका कोपऱ्यात फवारून दोन आठवडे थांबा आणि लेबलवरच्या सूचना शब्दशः पाळा. लव्हाळा ३ ते ५ पानांवर आणि जोमात असताना फवारा. आधी आणि नंतर दोन-दोन दिवस लॉन कापू नका. पानंच नसतील तर औषध गाठीपर्यंत पोहोचणार कसं? परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. हातमोजे, मास्क आणि बूट हवेतच. वारा असताना फवारू नका. फुलझाडांच्या कडेला आणि भाजीच्या वाफ्यात हे औषध अजिबात नको.

ग्लायफोसेट लव्हाळ्याबरोबर लॉनही मारतं. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ते फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच वापरावं असा आदेश काढला होता, त्यामुळे घरी ते फवारू नका. मीठ, व्हिनेगर, रॉकेल हे घरगुती उपाय वरची पानं जाळतात, गाठीला काही होत नाही आणि जमीन मात्र खराब होते.

कुंड्या आणि नवी माती

कुंडीतला लव्हाळा सर्वांत सोपा. कुंडी उलटी करा, रोपाच्या मुळांतल्या गाठी पाण्याखाली धुऊन वेचा, माती चाळून उन्हात वाळवा. कुंडीत खुरपून वेळ घालवू नका. गाठी तळाच्या भोकाजवळ दाटलेल्या असतात आणि तिथून खालच्या जमिनीतही उतरतात.

उरुळी कांचन, सोरतापवाडीकडच्या किंवा गल्लीतल्या नर्सरीतून रोप आणलं की पिशवीच्या काठाशी आणि तळाशी टोकदार पान दिसतं का ते बघा. दिसलं नाही तरी रोप तीन-चार आठवडे फरशीवर वेगळं ठेवा, मगच वाफ्यात लावा. शेजारच्या प्लॉटमधून पसरत असेल, तर सीमेवर शहाबादी फरशी उभी, दीड फूट खोल गाडा आणि सांधे सिमेंटने बुजवा. दोन फरश्यांमधल्या बोटभर फटीतूनही तो येतो.

लाल माती किंवा शेणखत मागवताना सगळा ट्रक एकदम उतरवून घेऊ नका. आधी दोन घमेली नमुना आणा, पसरट कुंडीत भरून उन्हात ठेवा आणि तीन आठवडे पाणी द्या. टोकदार तीन पानं उगवली तर ती माती घेऊ नका.