हवेच्या पाइपने खाणीतला माल वर काढण्याआधी

तयारी मालापासून सुरू करा, ब्लोअर (पाइपात हवा ढकलणारं यंत्र) नंतर निवडता येतो. ज्या फेसवरून, म्हणजे खोदकाम चालू असलेल्या जागेवरून, माल येणार तिथलाच नमुना घ्या आणि त्यातला सर्वांत मोठा खडा मोजा. पाइपचा आतला व्यास त्याच्या निदान तिप्पट हवा, म्हणून क्रशरच्या पुढे चाळणी लागतेच. ओलावाही तेव्हाच तपासा. चिकणमाती मिसळलेला ओला माल बेंडमध्ये, म्हणजे पाइपच्या वळणात, थर धरतो आणि हळूहळू पाइप बुजवतो. तसा माल असेल तर स्किपच (दोराने वर ओढायची मालाची पेटी) बरी. हवेच्या पाइपला वीजही स्किपपेक्षा जास्त लागते. पण जिथे शाफ्टमध्ये, म्हणजे खाणीच्या उभ्या विहिरीत, जागाच उरलेली नाही, तिथे बोअरहोलमधून जाणारा पाइप मोठी अडचण सोडवतो.

मार्ग आखताना पाइप आडवा किंवा उभा ठेवा. तिरक्या पाइपात माल तळाशी बसतो आणि मागे घसरतो. फीडरनंतर (पाइपात माल सोडणारं यंत्र) काही अंतर सरळ सोडा, मालाने वेग धरला की मगच बेंड द्या. आता सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. तळाशी गेजवर 1 बार दाब असेल, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा 1 बार जास्त, तर वर पोचेपर्यंत हवा फुगून जवळपास दुप्पट होते, आणि व्यास तोच असेल तर वेगही दुप्पट होतो. झीज मात्र पाच ते आठ पट वाढते. म्हणून वरच्या टप्प्यात व्यास वाढवा, पण फार खालीच वाढवलात तर वेग कमी पडून माल कोसळेल. वरच्या बेंडची जाडी पहिल्या दिवसापासून मोजत राहा.

कोळसा असेल तर प्रत्येक फ्लँजवर (पाइपच्या सांध्यावर) अर्थिंगची जोडणी पाहा, आणि वर हवेतून माल आणि धूळ वेगळी करणाऱ्या सायक्लोन व बॅग फिल्टरला स्फोटाचा दाब बाहेर सोडणारी झडप आहे ना, तेही. ब्लोअर खाणीतली हवा ओढणार असेल तर वायुवीजन सांभाळणाऱ्यांची संमती आधी घ्या.

चालू करताना आधी हवा, मग माल. बंद करताना आधी माल, आणि पाइप रिकामा झाल्यावरच हवा. वीज अचानक गेली तर उभ्या पाइपातला सगळा माल खाली येतो. तो काढायला तळाच्या बेंडपाशी उघडता येणारी पेटी आणि माणसाला उभं राहायला जागा हवीच. हे नकाशात नसेल तर काम थांबवा. शेवटी नुसती हवा सोडून दाब नोंदवून ठेवा. पुढे माल थांबवल्यावर दाब त्या आकड्यावर परतला नाही, तर पाइपात अजून माल आहे.