व्हॅटसिमवर पहिली फ्लाइट: क्लिअरन्सचा रीडबॅक कसा द्यावा

सिम्युलेटरमध्ये विमान सुरू करून, ऑटोपायलट लावून आयएलएसवर (रनवेकडे नेणाऱ्या रेडिओ सिग्नलवर) उतरवता येत असेल तरच व्हॅटसिमवर या, म्हणजे जिथे सिममधली विमानं उडवणारे आणि एअर ट्रॅफिक कंट्रोलर होणारे हौशी लोक ऑनलाइन एकत्र येतात त्या नेटवर्कवर. येत नसेल तर आधी ते शिका, कारण टॉवरला, अप्रोचला बसलेली माणसं स्वतःचा वेळ देऊन फुकट कंट्रोलिंग करतात आणि त्यांच्या फ्रिक्वेन्सीवर आपण एकटे नसतो.

अकाउंट फुकट आहे, नव्या पायलटला एक छोटी परीक्षा द्यावी लागते, ती देऊन टाका. नेटवर्कला जोडणारं सॉफ्टवेअर म्हणून मायक्रोसॉफ्टचा सिम असेल तर व्हीपायलट, एक्स-प्लेन असेल तर एक्सपायलट टाका, फ्लाइट प्लॅन सिमब्रीफ या वेबसाइटवर बनवून तिथूनच फाइल करा. आणि कनेक्ट व्हायचं ते पार्किंग स्टँडवर उभं राहून, रनवेवर कधीच नाही.

कॉल कोणाला करायचा? आधी डिलिव्हरी, म्हणजे क्लिअरन्स देणारा कंट्रोलर. ती नसेल तर ग्राउंड (टॅक्सीचा), ग्राउंड नसेल तर टॉवर (रनवेचा), मग अप्रोच (विमानतळाभोवतालचा), मग सेंटर (मोठ्या भागाचा). खालचं कोणी नसेल तर वरचा सांभाळतो. कोणीच नसेल तर १२२.८ या सगळ्यांच्या सामायिक फ्रिक्वेन्सीवर स्वतः काय करताय ते टाइप करत राहायचं.

आता खरा अवघड भाग, क्लिअरन्स, म्हणजे कुठे, कुठल्या मार्गाने, किती उंचीवर जायचं याची परवानगी. ती ऐकून कंट्रोलरला परत वाचून दाखवायची, तोच रीडबॅक. सगळीकडे एकच सल्ला मिळतो, आधी भरपूर दिवस नुसतं ऐका. ऐकून कान तयार होतो, रीडबॅक जमत नाही. मी इथेच सगळ्यात जास्त अडकायचो, अर्धं लिहून होईपर्यंत कंट्रोलरचं बोलून झालेलं असायचं. मग लक्षात आलं की त्यातलं बहुतेक सगळं आपल्याला आधीच माहीत असतं, कारण प्लॅन आपणच फाइल केलाय.

म्हणून माईकला हात लावायच्या आधी कागदावर एकाखाली एक पाच ओळी मांडा: डेस्टिनेशन, रनवे, एसआयडी (रनवेवरून निघायचा ठरलेला मार्ग), उंची, स्क्वॉक (रडारवर विमान ओळखायचा कोड). डेस्टिनेशन लगेच भरा. एटीआयएस, म्हणजे विमानतळाची रेकॉर्ड केलेली माहिती, ऐका, त्यातून रनवे, क्यूएनएच (अल्टिमीटरला लावायचा हवेचा दाब) आणि इन्फर्मेशनचं अक्षर (ती माहिती कितवी आहे ते) मिळतं. मग त्या रनवेचे चार्ट उघडून बघा की तुमच्या रूटच्या पहिल्या पॉइंटकडे कुठली एसआयडी जाते, सहसा एक-दोनच निघतात, ती पेन्सिलने लिहा. सुरुवातीची उंचीही बऱ्याचदा चार्टवरच छापलेली असते. म्हणजे खरोखर नवीन उरला तो स्क्वॉक, चार आकडे, आणि त्यात प्रत्येक आकडा ० ते ७ मधलाच असतो, ८ किंवा ९ ऐकू आला तर नक्की चुकीचं ऐकलंय.

आता कंट्रोलर म्हणेल, 'क्लिअर्ड टू अमुक, रनवे टू सेव्हन राइट, अमुक वन अल्फा डिपार्चर, इनिशियल फाइव्ह थाउजंड, स्क्वॉक फोर टू वन सिक्स.' तुम्ही लिहीत नाही, फक्त टिक करताय, एसआयडी वेगळी निघाली तर तेवढीच खोडा. मग त्याच क्रमाने वाचून दाखवा आणि शेवटी कॉलसाइन, म्हणजे तुमच्या विमानाचं रेडिओवरचं नाव. घाई करू नका, भरभर बोललं की प्रोफेशनल वाटतं हा समज डोक्यातून काढा.

नुसतं 'रॉजर' (ऐकलं) अजिबात चालत नाही. एखादा भाग निसटला तर अंदाज मारू नका, 'से अगेन स्क्वॉक' म्हणा, तेवढंच परत मिळेल, कोणी रागवत नाही. चुकीची उंची आत्मविश्वासाने वाचली आणि गर्दीत कंट्रोलरच्या कानावरून गेली तर पुढे दोन विमानं एकाच उंचीवर येतात. 'रीडबॅक करेक्ट' ऐकल्याशिवाय पुढचं काही करू नका. आवाजात नाहीच जमत तर टेक्स्टवर बोलायची मुभा आहे, प्लॅनच्या रिमार्क्समध्ये तसं टाका.

पुशबॅक, टॅक्सी सोपं आहे, फक्त 'होल्ड शॉर्ट' (रनवेच्या अलीकडे थांबा) आलं की रनवेच्या नंबरासकट परत म्हणायचंच.

रनवेपाशी पोचल्यावर 'रेडी फॉर डिपार्चर' म्हणा, 'रेडी फॉर टेकऑफ' नाही. १९७७ मध्ये टेनेरिफला दोन ७४७ रनवेवरच धडकून ५८३ माणसं गेली, त्यात टेकऑफ या शब्दावरून झालेला गैरसमजही होता. तेव्हापासून तो शब्द टेकऑफची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरतात. सिममध्येही हे पाळाच.

वर गेल्यावर फ्रिक्वेन्सी बदलायला सांगितली की आधी ती वाचून दाखवा, मग बदला. क्रूझला ऑटोपायलट लावून जेवायला गायब होऊ नका, अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ विमान बेवारस सोडायला नेटवर्कच्या नियमात परवानगी नाही, आणि कंट्रोलर असेल तर पाच मिनिटं उठतानाही त्याला विचारून उठा.