जुन्या छापील पानांचे रॉ फोटो मजकुरात आणताना

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात माझा लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ आहे. चातुर्मासात मुहूर्त नसतात, तेव्हा गेली दोन वर्षं मी आमच्या गावच्या वाचनालयाचे जुने अहवाल कॅमेऱ्यात घेतोय. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आमचा भाग मुंबई राज्यात होता. त्या काळातले हे अहवाल आणि वर्गणीच्या याद्या मराठीत छापलेल्या आहेत. कागदाला कसर लागलीय. फोटो काढून ठेवला म्हणजे पान टिकलं, पण त्यात आजोबांचं नाव शोधता येत नाही. त्यासाठी मजकूर हवा.

अक्षरओळख करणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ओसीआर, कॅमेऱ्याची रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेला कच्चा फोटो, सहसा उघडत नाही. कॅननची सीआर२ असो वा निकॉनची एनईएफ, आधी तिची टिफ, म्हणजे नेहमीची चित्राची फाईल, करावी लागते. तरी मी रॉमध्येच काढतो. जुलैत इथं भरदुपारी अंधारून येतं, आणि पिवळ्या कागदावरची फिकट शाई नंतर वर काढायला रॉमध्ये जास्त वाव मिळतो. ट्रायपॉड, भिंगाचं छिद्र एफ ८, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) कमीत कमी, दोन बाजूंनी तिरपे दिवे, दोन सेकंदांचा टायमर. कॅमेरा पानाला अगदी समांतर हवा. २४ मेगापिक्सेलच्या चौकटीत ए४ पान भरून घेतलं तर इंचाला ३०० ठिपके सहज मिळतात, ओसीआरला तेवढे पुरतात.

खरं काम डार्कटेबल किंवा रॉथेरपी या रॉ फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. दोन्ही फुकट आहेत. फोटो कृष्णधवल करताना लाल, हिरवा, निळा हे तिन्ही रंग सारखे मिसळू नका, लाल चॅनल, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा थर, वाढवा. पिवळे-तपकिरी डाग निळ्या चॅनलमध्ये काळे दिसतात, लालमध्ये कागदात विरून जातात. काळी शाई मात्र काळीच राहते. एका यादीवर लाल गोल शिक्का बरोबर नावांवर बसला होता. लाल चॅनलवर शिक्का जवळजवळ गेला आणि खालची सात नावं वाचता आली. त्या दिवशी मी दुकान उशिरा बंद केलं. मग पान सरळ करा, कडा कापा, टिफ काढा. शार्पनेस फार वाढवू नका, शिरोरेषेभोवती पांढरी कड येते आणि ओसीआर फसतं.

अक्षरओळखीसाठी मी टेसरॅक्ट हे ओसीआर वापरतो. त्यात मराठी आहे, कन्नडही आहे. आमच्याकडच्या कागदांवर दोन्ही लिप्या असतात, पण दोन्ही भाषा एकदम निवडल्या की माझ्याकडे गोंधळ वाढला. म्हणून कन्नड भाग वेगळा कापून वेगळा चालवतो. वर्गणीच्या यादीतही नावांचा रकाना वेगळा, रकमेचा वेगळा. मोडीतले आणि हाताने लिहिलेले कागद यात टाकू नका, ते माणसानंच वाचायचे.

आलेला मजकूर लिबरऑफिसमध्ये घ्या, युनिकोडमध्येच ठेवा, आणि फाईलला फोटोचाच नंबर द्या. म्हणजे शंका आली की मूळ पान लगेच सापडतं.

आता तपासणी. हिला सगळ्यात जास्त वेळ द्या. घ आणि ध, भ आणि म, व आणि ब यांची अदलाबदल होते, अनुस्वार गळतात, ऱ्य तुटतो. शब्दाची चूक डोळ्याला खटकते, आकड्याची खटकत नाही. ५ चा ४ झाला तरी वाक्य बरोबरच दिसतं. म्हणून रकमांची बेरीज करून छापील बेरजेशी ताडून बघतो. नावांसाठी आईला शेजारी बसवतो. ती मूळ अहवाल हातात धरून मोठ्यानं वाचते, मी स्क्रीनवर बोट फिरवतो. परवा ती मध्येच थांबली, म्हणाली, "नागोबा नव्हे रे, नागोजी. आपल्या विहिरीच्या वरच्या अंगाला राहायचे." मी फोटो मोठा करून बघितला. जी होता.