शेजारी पूर येऊन गेला: नाशिकमध्ये घराचा विमा घ्यायचा की नाही, हे कसं ठरवावं

गंगेचं, म्हणजे गोदावरीचं, पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीवर गेलं की नाशिकमध्ये घरोघरी फोन वाजायला लागतात. भांडीबाजारात आणि सराफबाजारात माल वरच्या माळ्यावर चढतो, गोदाघाटावरच्या टपऱ्या हलतात. पाणी ओसरून गाळ उपसून झाला की त्याच आठवड्यात, ज्यांच्या घरात थेंबही आला नव्हता असे लोक विचारायला लागतात: आपणही पुराचा विमा काढून ठेवावा का?

प्रश्न अगदी रास्त आहे. अडचण आहे ती वेळेची. पूर नुकताच डोळ्यांनी पाहिलेला माणूस चौथ्या मजल्यावर राहूनही घाबरून पॉलिसी घेतो, आणि दोन पावसाळे कोरडे गेले की नासर्डी नदीच्या काठावर तळमजल्यावर राहणारा माणूस नूतनीकरण सोडून देतो. दोघांचंही चुकतं. हा निर्णय आपल्या उंबरठ्याची उंची आणि आपली ऐपत बघून घ्यायचा असतो. तो कसा घ्यायचा, ते पुढे सांगतो.

आधी एक गैरसमज दूर करू. घरासाठी 'पूरविमा' नावाची वेगळी पॉलिसी आपल्याकडे सहसा मिळत नाही. पुराचं संरक्षण घराच्या विम्यातच असतं. विमा नियामक 'इर्डा'च्या नियमानुसार १ एप्रिल २०२१ पासून घरासाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आहे. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, पाणी तुंबणं, दरड कोसळणं हे सगळं तिच्यात येतं. कंपनी कोणतीही असो, मूळ मजकूर तोच. म्हणजे खरा प्रश्न 'घराचा विमा घ्यायचा का' एवढाच आहे.

पहिलं काम: पाणी आपल्यापर्यंत कुठून येईल ते शोधा

बहुतेक लोक फक्त नदीकडे बघतात. नदी अर्धा किलोमीटर लांब आहे, म्हणजे आपण सुरक्षित, असं धरून चालतात. पण गोदावरी फुगली की नासर्डी, वाघाडी यांसारख्या उपनद्या आणि नाल्यांच्या पाण्याला पुढे जायला वाट उरत नाही. ते मागे सरकतं आणि नदीपासून लांबच्या गल्लीत शिरतं. सराफबाजार आणि दहीपूल परिसराला सरस्वती नाल्याचा हा अनुभव जुना आहे. तिसरा मार्ग निव्वळ पावसाचा. तासाभराच्या मुसळधार पावसात गटारं भरतात आणि चेंबरमधून पाणी उलटं वर येतं, त्यासाठी नदीला पूर असावाच लागत नाही.

गंगापूर धरण वर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. धरण भरलेलं असेल तर येणारं पाणी पुढे सोडावंच लागतं. शिवाय धरणाच्या खाली, शहरापर्यंतच्या पट्ट्यात जो पाऊस पडतो तो कोणत्याच दरवाजांनी अडत नाही. म्हणूनच गंगापूरचा विसर्ग आणि होळकर पुलाखालचा विसर्ग हे आकडे वेगळे असतात. बातमीत फक्त पहिला आकडा ऐकून अंदाज बांधू नका.

आता शोधाचं काम. सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ हे अलीकडचे तीन मोठे पूर. गल्लीतल्या जुन्या दुकानदाराला, वाड्यातल्या आजींना, सोसायटीच्या वॉचमनला प्रत्येक वर्षाचं वेगळं विचारा: पाणी कुठपर्यंत आलं होतं, आत किती वेळ होतं? नुसतं 'खूप आलं होतं' हे उत्तर घेऊ नका, भिंतीवर बोट ठेवून दाखवायला सांगा. १९६९चा महापूर पाहिलेलं कोणी भेटलं तर त्यांचंही ऐका. नव्या वसाहतीत राहत असाल तर तिथे आधी काय होतं ते विचारा. बुजवलेल्या किंवा पाइपात घातलेल्या नाल्यावरच्या वसाहतीत पाणी जुनीच वाट धरतं.

पाण्याची खूण सापडली की गवंड्याला बोलवा आणि लेव्हल पाइपने ती खूण तुमच्या उंबरठ्याशी जुळवून घ्या. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी बघायची, एवढंच ते काम. उंबरठा खुणेच्या किती वर किंवा खाली आहे, हा आकडा कागदावर लिहा. पुढचं सगळं त्यावर ठरणार आहे.

दुसरं काम: पूररेषा आणि तिचा खरा अर्थ

महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन तुमचा सर्व्हे नंबर किंवा गट नंबर सांगा आणि प्लॉट पूररेषेत येतो का ते विचारा. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.

इथेच सगळ्यात मोठी गफलत होते. 'शंभर वर्षांतून एकदा' म्हणजे आता पूर येऊन गेला, पुढची ९९ वर्षं निवांत, असं नाही. दर पावसाळ्यात ती शक्यता १ टक्का असते, मागच्या वर्षी काहीही झालेलं असो. निळ्या रेषेसाठी ती दरवर्षी ४ टक्के. हे आकडे किरकोळ वाटतात, पण तुमच्या २० वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत निळ्या रेषेवर निदान एकदा पाणी पोचण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के होते आणि लाल रेषेवर सुमारे १८ टक्के. घर रेषेच्या आत, नदीकडे जितकं खोल तितकी शक्यता वाढत जाते. ही रेषा नदीच्या पुराची असते, तुंबलेल्या चेंबरची नसते. म्हणून रेषेबाहेर असलात तरी पहिल्या कामात मिळालेली खूण सोडू नका.

उलट बाजूही खरी आहे. शेजारच्या गल्लीत पाणी आलं म्हणून तुमचा धोका या वर्षी अचानक वाढला असं होत नाही. तो आधीपासून होताच, तुम्हाला आता दिसला.

तिसरं काम: टेप घेऊन घरात फिरा

वहीत दोन रकाने करा: घरात एक फूट पाणी आलं तर काय जाईल, आणि तीन फूट आलं तर काय जाईल. एका फुटात गाद्या, कपाटाचा खालचा कप्पा, इन्व्हर्टरची बॅटरी, फ्रिजचा कॉम्प्रेसर, वॉशिंग मशीन आणि प्लायवूडची किचन ट्रॉली जाते. प्लायवूड एकदा फुगलं की परत बसत नाही. तीन फुटांत स्विचबोर्ड, वायरिंग, सोफा, पलंग, कागदपत्रं आणि बहुतेक रंगकाम. गाळ काढणं, मोटर दुरुस्त करणं आणि महिनाभर दुसरीकडे भाड्याने राहणं यांचा खर्चही धरा. वस्तूंची किंमत आज नवीन घ्यायला लागेल ती लिहा.

बेरीज झाली की स्वतःला एकच प्रश्न विचारा. ही रक्कम सोनं न मोडता, कर्ज न काढता, मुलांच्या फीला हात न लावता उभी करता येईल का? येत असेल तर विमा न घेतल्याने तुम्ही रस्त्यावर येणार नाही. येत नसेल तर शक्यता १ टक्का असली तरी विमा घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

सरकारी मदत मिळेल, हा भरवसा हिशेबात धरू नका. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२६च्या निकषांत सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार, अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये आणि कपडे व भांड्यांसाठी प्रत्येकी २,५०० रुपये आहेत. राज्य सरकार कधी जास्त देतं, पण ती तातडीची मदत असते, भरपाई नव्हे. पंचनामा मात्र जरूर करून घ्या, क्लेमलाही तो उपयोगी पडतो.

चौथं काम: आधीच काय आहे ते बघा

गृहकर्ज घेताना बँकेने 'इन्शुरन्स' करून घेतला होता, एवढंच अनेकांना आठवतं. तो कागद काढा. अनेकदा तो कर्जदाराच्या मृत्यूनंतर कर्ज फेडणारा जीवन विमा निघतो, त्याचा पुराशी काहीही संबंध नसतो. घराचा असला तरी पुष्कळदा फक्त इमारतीचा असतो, आतल्या सामानाचा नाही. सोसायटीने संपूर्ण इमारतीचा विमा घेतला असेल तर चेअरमनकडून प्रत मागा. तसं असेल तर तुम्हाला सामानापुरती पॉलिसी पुरते. भाडेकरूंनीही सामानाचाच विमा घ्यावा, भिंतींची काळजी मालकाने करावी.

पाचवं काम: रक्कम ठरवणं आणि बारीक अक्षरं वाचणं

इमारतीची विमा रक्कम म्हणजे बाजारभाव नव्हे, कारण जमीन वाहून जात नाही. कार्पेट एरिया गुणिले आजचा बांधकाम खर्च, एवढंच धरा. उदाहरणार्थ, ८०० चौरस फूट आणि चौरस फुटाला २,२०० रुपये धरले तर १७ लाख ६० हजार. इमारत आणि सामान दोन्ही घेतलं तर सामानासाठी इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळतं. या उदाहरणात ते ३ लाख ५२ हजार. तुमच्या वहीतली बेरीज त्याहून मोठी असेल तर यादी देऊन रक्कम वाढवून घ्या.

या पॉलिसीची चांगली बाजू म्हणजे कंपाउंडची भिंत, पाण्याची टाकी, सोलर पॅनेल इमारतीतच मोजले जातात, आणि घर राहण्याजोगं नसेल तर पर्यायी जागेच्या भाड्याची तरतूद आहे. विमा रक्कम थोडी कमी पडली म्हणून क्लेम त्या प्रमाणात कापण्याचा नियमही तिला लागू नाही.

न मिळणाऱ्या गोष्टी लक्षात ठेवा. रोख रक्कम नाही. दागिने वेगळे नोंदवल्याशिवाय नाहीत. स्लॅबमधून झिरपणारं पाणी, वर्षानुवर्षांची ओल, जुन्या वाड्याची झीज यांना पूर म्हणत नाहीत. घरात ठेवलेला दुकानाचा माल यात बसत नाही. त्यासाठी एका ठिकाणच्या मालमत्तेची किंमत पाच कोटींपर्यंत असलेल्या व्यवसायांना 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' आहे. दुकानदारांनी त्यात 'एसटीएफआय', म्हणजे वादळ-पूर-पाणी तुंबण्याचा भाग, वगळलेला नाही ना हे पॉलिसीच्या शेड्यूलवर (तपशिलाच्या पानावर) स्वतः वाचावं. हप्ता कमी करण्यासाठी तो काढलेला असेल तर नदीकाठच्या दुकानाला त्या पॉलिसीचा फारसा उपयोग नाही.

घर पूररेषेत असेल, आधी पाणी आलं असेल, भिंती मातीच्या असतील तर अर्जात खरं लिहा. एजंट 'कशाला लिहिता' म्हणाला तरी लिहाच. क्लेम नाकारला जातो तेव्हा एजंट समोर नसतो, तुम्ही असता.

आता ठरवा

तीन कंपन्यांची कोटेशन एकाच विमा रकमेवर घ्या. तुमच्या नुकसानीच्या बेरजेला दरवर्षीच्या शक्यतेने गुणा: ४ लाखांचं नुकसान आणि ४ टक्के शक्यता म्हणजे वर्षाला १६,००० रुपयांचा धोका, १ टक्का असेल तर ४,०००. हप्ता याच्या आसपास किंवा खाली असेल तर विचार करत बसू नका. थोडा जास्त असला तरी आग आणि भूकंपाचं संरक्षण त्यातच आहे हे विसरू नका.

उंबरठा जुन्या खुणेखाली असेल आणि बचत तुटपुंजी असेल, तर घ्या, तेही कोरड्या दिवसांत. विसर्गाचे भोंगे वाजायला लागल्यावर कंपनी नवा अर्ज थांबवू शकते, आणि झालेलं नुकसान कोणतीच पॉलिसी मागे जाऊन भरत नाही. शक्य असेल तर एकदम अनेक वर्षांची घ्या, भारत गृह रक्षा १० वर्षांपर्यंत मिळते. म्हणजे कोरड्या वर्षांत ती सोडून द्यायचा मोहच होणार नाही.

वरच्या मजल्यावर राहत असाल तर सामानाची पूरभीती सोडा आणि पार्किंगकडे बघा. लिफ्टची मशिनरी, मीटरची खोली, पाण्याची मोटर हे सोसायटीचं नुकसान शेवटी सगळ्यांच्या खिशातून जातं, तेव्हा विषय वार्षिक सभेत काढा. गाडी घराच्या विम्यात येत नाही. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर पुरात बुडालेल्या गाडीचे पैसे मिळत नाहीत, कॉम्प्रिहेन्सिव्ह लागतो, आणि इंजिनात पाणी गेल्याच्या नुकसानीसाठी इंजिन प्रोटेक्ट हे जोडसंरक्षण. बुडालेली गाडी स्टार्ट करून बघू नका, टो करून न्या.

पाणी आलंच तर

आधी माणसं बाहेर, मेन स्विच बंद. पाणी ओसरल्यावर झाडायला घेण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो आणि व्हिडिओ काढा. भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेशेजारी टेप धरून एक फोटो हवाच. कंपनीला लगेच कळवा आणि क्लेम क्रमांक लिहून ठेवा. क्लेम फॉर्म नुकसान दिसल्यापासून ३० दिवसांत द्यायचा असतो. भिजलेल्या वस्तू बाहेर काढा, पण नुकसान तपासायला येणारा सर्व्हेअर बघून जाईपर्यंत भंगारवाल्याला देऊ नका. फेकणं भागच असेल तर आधी फोटो आणि मॉडेल नंबर.

रक्कम कमी मिळाली किंवा क्लेम नाकारला, तर कारण लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. तिथे दाद लागली नाही तर इर्डाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. शिवाय विमा लोकपाल आहेत. त्यांच्याकडे वकील लागत नाही, फीही लागत नाही.