मडगार्डचं एकवचन: स्वाहिली शिकायला लागणाऱ्यांसाठी

नोकरीसाठी टांझानियातल्या दार-ए-सलामला आलो, त्या पहिल्याच आठवड्यात बजाजीवाल्यानं विचारलं, "किप्लेफ्टीच्या अलीकडे की पलीकडे?" बजाजी म्हणजे तीनचाकी रिक्षा, पुण्याच्या बजाजचं नावच तिला इथं चिकटलं आहे. त्यामुळे बजाजी लगेच कळलं, किप्लेफ्टी काही कळेना. शेवटी त्यानं समोर बोट दाखवलं. चौकातलं गोल बेट! अशा चौकात 'कीप लेफ्ट' अशी पाटी असते. लोकांनी पाटीवरची सूचनाच चौकाचं नाव करून टाकली.

खरी गंमत पुढे आहे. इथल्या स्वाहिली भाषेत नामांचे गट असतात आणि अनेकवचन शब्दाच्या शेवटी नाही, सुरुवातीला होतं. 'किती' म्हणजे खुर्ची, 'विती' म्हणजे खुर्च्या. (हा 'किती' मराठी माणूस जन्मात विसरत नाही.) लोकांच्या कानाला किप्लेफ्टीतला 'कि' याच गटातला वाटला, म्हणून दोन चौक झाले की विप्लेफ्टी. विशेषणही मागोमाग येतं: मोठा चौक किप्लेफ्टी किकुब्वा, मोठे चौक विप्लेफ्टी विकुब्वा. आपण 'मोठा-मोठे' करतो तेच, फक्त दुसऱ्या टोकाला. अरबी 'किताब'चंही असंच झालं. मूळ अरबीत 'कि' हा वेगळा काढता येणारा तुकडा नाहीच, पण इथं एक किताबु, अनेक विताबु. क्लबचा किलाबु झाला, अनेकवचन विलाबु.

माझा सर्वांत लाडका शब्द गॅरेजमध्ये सापडला. 'म' लावून अनेकवचन करणारा दुसरा एक गट आहे: शाती म्हणजे शर्ट, अनेक असतील तर मशाती. आता मडगार्ड या शब्दाकडे याच कानानं बघा. तो झाला 'मदिगादी', आणि सुरुवातीला 'म' आहे म्हणजे हे अनेकवचन असणार! मग एक मडगार्ड? 'दिगादी'. फुंदीनं, म्हणजे मिस्त्रीनं, बिलावर 'दिगादी 1' असं लिहिलं होतं. हे अज्ञान नव्हे. परका शब्द घरात घेताना भाषेनं त्याला आपलं व्याकरण नेसवलं आहे, आणि तेही किती चोख!

नवख्यांनी आणखी एक गोष्ट पाठ करावी. स्वाहिलीला शब्दाच्या शेवटी स्वर लागतो. इंग्रजी शब्द व्यंजनावर संपला की ती पुढे 'इ' किंवा 'उ' जोडते. कोणता, हे आपली वर्णमाला सांगते! व्यंजन 'प' वर्गातलं, म्हणजे ओठांचं असेल तर बहुधा 'उ': टीमचं तिमु, फिल्मचं फिलामु, पंपचं पाम्पु, स्टँपचं स्तेम्पु. नाहीतर 'इ': बेंकी, तिकेती, होतेली, बाइस्केली. शाळेत 'प फ ब भ म' घोकलेल्या माणसाला हा नियम पाच मिनिटांत बसतो. माझा अर्धा शब्दसंग्रह यावरच उभा राहिला.

मात्र प्रत्येक ओळखीचा शब्द इंग्रजीतून आला असं धरू नका. मुख्य भूमीवर शाळेला 'शुले' म्हणतात, तो जर्मन शब्द; पहिल्या महायुद्धापर्यंत इथं जर्मनांची सत्ता होती. झांजिबार बेटावर इंग्रजांचा वचक होता, तिथं 'स्कुली'. 'गारी' ही आपली गाडी, तिचं अनेकवचन मगारी. 2007 साली केनियात सुरू झालेल्या एम-पेसा या मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सेवेतला पेसा म्हणजे आपलाच पैसा.

म्हणून वहीत सुटा शब्द लिहू नका. एकवचन-अनेकवचनाची जोडी लिहा. नवा शब्द कानावर पडला की पुढचा तुकडा आणि शेवटचा स्वर झाकून मोठ्यानं म्हणून बघा, बऱ्याचदा आतला शब्द हाती लागतो. कधी मात्र तो फार खोल दडलेला असतो. आमच्या ऑफिसात दुरुस्तीला आलेला वायरमन सारखा 'न्याया, न्याया' म्हणत होता. मी 'न'च्या पानावर शोधत बसलो. उत्तर एका सहकाऱ्यानं दिलं: विम्बो म्हणजे गाणं, न्यिम्बो म्हणजे गाणी, त्याच चालीवर एक वायर ती वाया, आणि अनेक वायरी त्या न्याया.