अल्सरचा १४ दिवसांचा कोर्स: गोळ्या घ्यायच्या कशा आणि चुकतं कुठे

दुर्बीण घालताना जठराचा बारीकसा तुकडा काढतात आणि पिवळ्या जेलमध्ये टाकतात. तुकड्यात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा अल्सर करणारा जंतू असला तर तो जेलमधल्या युरियाचा अमोनिया करतो आणि पिवळा रंग गुलाबी होतो. रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ लिहून येतं ते यावरून. मग नुसत्या पित्ताच्या गोळीवर भागत नाही. तिने आग थांबते, व्रणही भरतो, पण जंतू जागेवरच राहतो आणि अल्सर पुन्हा डोकं वर काढतो.

अल्सर तिखटाने होतो, ही समजूत सातारा-सांगलीत खर्ड्याइतकीच झणझणीत आहे. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना या जंतूच्या शोधासाठी २००५ साली नोबेल मिळालं, तरी ती गेलेली नाही. कोर्सभर खर्डा बाजूला ठेवा, कारण आग वाढते. पण खर्डा सोडून जंतू मरत नाही.

नेहमीच्या कोर्समध्ये तीन औषधं असतात: ओमेप्राझोल २० मिग्रॅ किंवा पँटोप्राझोल ४० मिग्रॅसारखी आम्ल कमी करणारी, म्हणजेच पित्ताची गोळी, आणि अमॉक्सिसिलिन १ ग्रॅम व क्लॅरिथ्रोमायसिन ५०० मिग्रॅ ही दोन अँटिबायोटिक. तिन्ही दिवसातून दोनदा, १४ दिवस. निवड डॉक्टरांचीच, पण त्यांना दोन गोष्टी न विचारता सांगा. पेनिसिलिनने कधी अंगावर पुरळ उठलं किंवा धाप लागली असेल तर ती पहिली. दुसरी, गेल्या काही वर्षांत खोकल्यासाठी अझिथ्रोमायसिन किंवा जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल किती वेळा झालं. अझिथ्रोमायसिनला सरावलेला जंतू क्लॅरिथ्रोमायसिनलाही दाद देत नाही. जुन्या चिठ्ठ्या पिशवीत घालून न्या.

आता वेळापत्रक. पित्ताची गोळी उपाशीपोटी, खाण्याआधी अर्धा तास, नुसत्या पाण्याबरोबर आणि अख्खी गिळायची. पहाटे धारा काढून डेअरीला जाणाऱ्यांचं इथेच बिनसतं: आधी चहा-बिस्किट, मग गोळी. जेवणाने जठराचे आम्लपंप जागे होतात, तेव्हा औषध रक्तात हजर असावं लागतं. न्याहारी झाली की लगेच दोन्ही अँटिबायोटिक. रात्री हाच क्रम जेवणाभोवती. कारखान्यात पाळी बदलत असेल तर घड्याळापेक्षा जेवण धरा, दोन वेळांत साधारण १२ तास पडू द्या.

अमॉक्सिसिलिनची १ ग्रॅमची गोळी नसेल तर ५०० च्या दोन कॅप्सूल एकदम घ्यायच्या असतात. ‘दोन कशाला, एक पुरे’ म्हणून बरेच जण एकच घेतात. तो अर्धा डोस झाला. जंतू जठराच्या चिकट थरात दडून बसतो. तिथवर औषध पुरेशा ताकदीने पोचलं नाही तर कच्चे मरतात आणि चिवट उरतात. पाचव्या दिवशी पोट शांत झालं म्हणून थांबणाऱ्यांचंही तेच होतं. शांत वाटतं ते आम्ल कमी झाल्यामुळे. मेडिकलमधून १४ दिवसांचं औषध एकदमच आणा.

गोळी चुकली तर आठवताच घ्या. पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, दुप्पट नको.

दुसऱ्या प्रकारच्या कोर्समध्ये चार औषधं असतात: पित्ताची गोळी दोनदा, बिस्मथ सबसायट्रेट १२० मिग्रॅ आणि टेट्रासायक्लिन ५०० मिग्रॅ चार-चार वेळा, मेट्रोनिडाझोल ४०० मिग्रॅ तीनदा. दिवसाच्या तेरा गोळ्या. डब्यात मांडून ठेवल्याशिवाय हे जमत नाही. टेट्रासायक्लिनच्या मागेपुढे दोन तास दूध, ताक, लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी नको. ते औषधाला बांधून ठेवतात. ती पेलाभर पाण्याबरोबर बसून घ्या, लगेच आडवे होऊ नका. अन्ननलिकेत अडकली तर तिथेच जखम करते. गरोदर बाईला किंवा आठ वर्षांखालच्या मुलाला ती चालत नाही. मेट्रोनिडाझोल चालू असताना आणि नंतर तीन दिवस दारू पूर्ण बंद.

तोंडाला कडू, धातूसारखी चव येणं, मळमळ, थोडे जुलाब हे अपेक्षित आहे. ‘गोळ्या गरम पडल्या’ म्हणून कोर्स मोडू नका. अंगावर गांधी, ओठ-चेहऱ्याला सूज, धाप किंवा रक्ताचे जुलाब झाले तर मात्र थांबा आणि लगेच दवाखाना गाठा. बिस्मथने शौच काळी होते, ते ठीक. पण डांबरासारखी चिकट, उग्र वासाची, सोबत चक्कर किंवा रक्ताची उलटी असेल तर तो रक्तस्राव. रात्र असली तरी मोठं हॉस्पिटल गाठा.

कोलेस्टेरॉलची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर क्लॅरिथ्रोमायसिन सुरू करण्याआधीच सांगा. पाठ धरली म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणू नका, तीही अल्सर करते. तंबाखू, विडी सोडाच. धूम्रपान करणाऱ्यांत कोर्स जास्त वेळा फसतो. पायी वारीला निघायचं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. बहुतेकांना पित्ताची गोळी चालू ठेवून कोर्स परतल्यावर सुरू करता येतो. लोणंद-फलटणच्या मुक्कामांत जेवणाच्या वेळा सांभाळणं कठीण.

शेवटची गोळी झाली की निदान चार आठवड्यांनी तपासणी करा: श्वासाची युरिया चाचणी किंवा शौचातली अँटिजेन चाचणी. त्याआधी दोन आठवडे पित्ताची गोळी डॉक्टरांना विचारून बंद, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट स्वच्छ येतो. रक्तातली अँटिबॉडी चाचणी इथे निरुपयोगी; जंतू गेल्यावरही ती कित्येक महिने पॉझिटिव्ह राहते. जठरातला अल्सर असेल तर पुन्हा दुर्बीणही लागते, कारण कॅन्सरची जखमही वरून तशीच दिसू शकते. जंतू अजून सापडला तर जुनी चिठ्ठी दाखवून तेच किट आणू नका. क्लॅरिथ्रोमायसिन एकदा फसलं की पुढच्या कोर्समध्ये ते वगळतात.