चार हजारांची कापडी पिशवी घेण्याआधी उलटी करून बघा, नाहीतर सरळ शिवून घ्या

2025 मध्ये व्हायरल झालेली ती पिशवी आठवते ना, अमेरिकेतल्या नॉर्डस्ट्रॉम या दुकानांच्या साखळीने 'इंडियन सुव्हेनिअर बॅग' म्हणून 48 डॉलरला लावलेली, ब्रँड जपानी, पुएब्को नावाचा, आणि वर हिंदीत छापलेलं काय तर रमेश स्पेशल नमकीन आणि चेतक स्वीट्स! म्हणजे फरसाण घेतलं की जी फुकटात हातात पडते तीच पिशवी चार हजारांना, तीही फरसाणाशिवाय. हे नवीन नाहीये म्हणा, 2017 ला बालेन्सियागा या महागड्या फॅशन ब्रँडने आयकिया या फर्निचरवाल्यांच्या 99 सेंटच्या निळ्या पिशवीसारखी दिसणारी बॅग 2,145 डॉलरला काढलीच होती. आता आपल्याकडेही साधी शबनम 'बोहो स्लिंग' म्हणून विकतात, त्यामुळे पैसे नक्की कशाचे देतोय ते आधी बघा.

दुकानात हातात घेतली की पहिलं काम, पिशवी उलटी करा. आत शिवणीच्या कडा सुट्या असून दोरे निघत असतील तर चारदोन धुण्यांतच उसवायला लागेल. अस्तर लावलं असेल तर शिवण दिसतच नाही, मग दोन्ही बंद धरून जोरात ओढा, दुकानदार बघेल तर बघू दे. बंद जिथे जोडलाय तिथे चौकोनी टीप आणि मध्ये फुली पाहिजे, नुसती एक आडवी टीप असेल तर नारळ आणि दोन किलो कांद्यातच गेम ओव्हर.

एक गोष्ट मात्र वेगळी. पिशवीवर खरंच हाताचं भरतकाम असेल, म्हणजे लमाणी काम वगैरे, तर किंमत जास्त असणारच आणि तिथे घासाघीस करू नका प्लीज, त्यात दिवसचे दिवस जातात. ओळखायचं कसं, तर परत मागची बाजू बघा. मशीनच्या कामात मागे सगळीकडे बहुतेक एकाच रंगाचा बॉबिनचा (म्हणजे मशीनच्या खालच्या रिळाचा) दोरा दिसतो, हाताच्या कामात पुढचेच रंग मागे येतात, गाठी दिसतात आणि टाके थोडे लहानमोठे असतात.

बाकी साधी पिशवी घरीच शिवा. जाड मांजरपाट किंवा कॅनव्हास, 36 इंच पन्ह्याचं (म्हणजे रुंदीचं) सव्वा मीटर आणा आणि कापायच्या आधी भिजवून वाळवा, हे टाळू नका कारण सुती कापड आटतं आणि मग पिशवी वाकडी होते. 18 इंच रुंद आणि 38 इंच लांब असा एकच तुकडा कापा, दोन नाही. मधोमध दुमडला की तळाला शिवणच येत नाही, आणि पिशवी फाटते ती बहुतेक वेळा तळालाच. उरलेल्या कापडातून 4 बाय 30 इंचाच्या दोन पट्ट्या काढा, दोन्ही कडा आत घेऊन परत दुमडल्या की इंचभर रुंदीचे चार पदरी बंद होतात.

बाजूची शिवण दोनदा घालायची. आधी सुलट बाजू बाहेर ठेवून अगदी कडेने टीप मारा, मग पिशवी उलटी करून अर्धा इंच आत दुसरी, म्हणजे कच्च्या कडा आत बंद होतात आणि अस्तराची गरजच उरत नाही. पिशवी उलटीच असताना तळाचे कोपरे त्रिकोणी धरून आडवी 4 इंचाची टीप मारली की खाली बूड तयार होतं, डबा सरळ बसतो. तोंडाची कड दोनदा दुमडून शिवा आणि बंद या जाड भागावरच जोडा, चौकोन आणि फुली विसरू नका. सुई 16 किंवा 18 नंबरची लावा, बारीक सुई चार पदरांत हमखास तुटते. दोरा पॉलिस्टरचा.

मशीन नसेल तर ऑल्टरवाल्याकडे जा, कापडाऐवजी जुनी जीन्स दिली तरी चालेल, फक्त मांडीचा भाग वापरायला सांगा कारण गुडघ्याला कापड विरलेलं असतं. मापं कागदावर लिहून द्या. आणि दिवाळीच्या तोंडावर अजिबात जाऊ नका, दारातूनच परत पाठवतील.